घळीतली संकष्टी

त्या शनिवारी सिंकमध्ये एकच बशी होती, माझी. बाबांना विचारलं, नाश्ता केला का? ते म्हणाले, केला. संकष्टी होती हे कॅलेंडरवर दिसत होतं, आणि मधुमेहाच्या गोळीचं पाकीट ओट्यावर फोडलेलं होतं. गोळी उपाशीपोटीच घेतली, हे मला समजलं होतं. मी बुटांच्या नाड्या बांधत राहिले.

आई महिन्याभरासाठी भारतात, पुण्याला गेली होती. ती असती तर बाबांना असा कडक उपास करू दिला नसता. हा उपास माझ्या नोकरीसाठी होता. दोन इंटरव्ह्यू झाले होते, उत्तर येत नव्हतं. बाबा हे कधी बोलून दाखवत नसत, आणि मीही विचारत नसे. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी अशाच चालतात.

आम्ही आखातात राहतो; शहरापासून दूर, हट्टा नावाच्या गावाजवळच्या डोंगरात, पार्कमधल्या गोल वाटेवर आम्ही चालायला गेलो होतो. ही वाट आधी बोरी आणि बाभळीसारख्या झाडांमधून जाते, मग अरुंद घळीत उतरते आणि दुसऱ्या बाजूने पार्किंगला येते. झाडांखाली तीन माणसं चटई टाकून बसली होती. दगडांच्या चुलीवर पातेलं होतं. त्यांचं बोलणं मराठी होतं, कोकणातलं. बाबांनी हात केला. मी मान खाली घालून पुढे गेले. अनोळखी पुरुषांसमोर मला चालणंसुद्धा नीट जमत नाही.

घळीत ऊन नव्हतं, तरी बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते दोनदा दगडावरून घसरले. मी म्हटलं, बसू या का? ते माझ्यावर ओरडले. बाबा माझ्यावर कधी ओरडत नाहीत. मग ते एकदम खालीच बसले.

"बाबा, आर यू ओके?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू अजून इथेच? स्कूल बस चुकेल तुझी."

शाळा संपून मला सहा वर्षं झाली होती.

माझ्या बॅगेत पाणी होतं आणि सनस्क्रीन. खायचं काही नव्हतं, कारण ते खात नसताना आपण खायचं कसं, म्हणून मी काही घेतलंच नव्हतं. फोनला रेंज नव्हती. पुढे किती अंतर उरलंय माहीत नव्हतं. मागे ती माणसं होती, दहा मिनिटांवर. बाबांना एकटं सोडावं लागणार होतं, आणि ते उठून भलतीकडे गेले तर? मी त्यांची पाठ घळीच्या भिंतीला टेकवली, त्यांचा चष्मा काढून माझ्या खिशात ठेवला आणि हलू नका म्हटलं. त्यांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी पळाले. वळणावर मागे पाहिलं तेव्हा ते दिसत नव्हते. माझ्याच बुटांचा आवाज भिंतींवरून परत येत होता, कुणी मागून धावतंय असा.

त्या माणसांपुढे उभी राहिले तेव्हा तोंडून आधी इंग्रजीच आलं. मग हिंदी. शेवटी कसंबसं म्हटलं, "माझे बाबा आत बसलेत. त्यांना साखर हवीय."

सगळ्यांत मोठ्या माणसाने जास्त काही विचारलं नाही. "शुगरवाले हायत काय?" एवढंच. चहाच्या साखरेची पिशवी आणि खुबूसचं, इथल्या अरबी रोटीचं, पाकीट उचलून तो निघाला. दुसरा त्याच्या मागे.

बाबा तिथेच होते, एका अंगावर कललेले, पण डोळे उघडे. त्या माणसाने पाण्याच्या बाटलीत साखर ओतली, हलवली आणि बाटली बाबांच्या तोंडाला लावली. बाबांनी तोंड फिरवलं. "उपास आहे," ते म्हणाले. बाकी सगळं विसरले होते, हे नाही.

"काका, पिया. साखर माझ्या नावावर घाला. गणपतीला मी सांगतो, ह्या माणसाची चूक नाय."

दुसरा हसला. "ह्याच्या नावावर आधीच लय पाप हाय, काका. तेवढ्यात हीपन जाईल."

बाबा प्यायले. आधी घोट घोट, मग घटाघटा. मी त्यांचे ओठ बघत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, माझा चष्मा कुठाय? तेव्हा मला रडू आलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

बाबांनी खुबूस खाल्ल्यावर त्या दोघांनी त्यांना हाताला धरून झाडांकडच्या वाटेने परत पार्किंगपर्यंत आणलं आणि चांगला अर्धा तास आमच्याजवळ बसून राहिले. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "आईला कळवू नकोस. तिकडे उगाच घाबरेल."

"मीपण घाबरले होते, बाबा," मी म्हटलं. "सकाळपासून. तुम्ही खाल्लं नव्हतं हे मला माहीत होतं."

मी किल्ली मागितली, त्यांनी दिली.

हायवेवर मी एवढं बोलले, जेवढं एरवी आठवड्यात बोलत नाही. आपल्या बिल्डिंगचा नंबर काय, आईची फ्लाइट कधी, इंटरव्ह्यूत मला काय काय विचारलं. ते उत्तरं देत होते. मग एकदा उत्तर आलं नाही. डोळे मिटलेले होते. मी गाडी कडेला घेतली आणि त्यांच्या छातीवर हात ठेवला.

"आलं का घर?" त्यांनी विचारलं.

"नाही. झोपू नका. बोलत राहा."