उरलेलं डोकं

गल्लीत तिला सगळे फ्रेमवाली ताई म्हणत. वडिलांच्या माघारी फोटो-फ्रेमचं दुकान तिनं आणि धाकट्या भावानं चालवलं. गिऱ्हाइकांशी गोड बोलणं भावाचं काम, काच कापणं हिचं. दारू पिणं का सुरू झालं, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, आवडायची म्हणून प्यायले. नशिबाच्या नावानं बोटं मोडणं तिला जमत नसे.

आधी दुकान बंद झाल्यावर, मग दुपारी, मग सकाळी चहाच्या थर्मासमधून. जेवणावरची वासना उडाली. दोनदा तिनं आपल्या हिमतीवर सोडून पाहिली. पहिल्यांदा हात थरथरले. दुसऱ्यांदा दुकानातच फिट आली, जीभ चावली गेली. शुद्धीवर आल्यावर थरथर थांबावी म्हणून ती पुन्हा प्यायली, आणि हिला सोडायचीच नाही, असं म्हणून लोक मोकळे झाले.

मग निवृत्त मास्तरांच्या फोटोचं प्रकरण झालं. त्यांच्या दिवंगत बायकोचा तो एकुलता एक फोटो. ताईनं तो कापून नुसता चेहरा ठेवला. फ्रेम न्यायला आलेल्या मास्तरांनी विचारलं, हे काय केलंत?

"तुम्हीच सांगितलंत ना," ती शांतपणे म्हणाली. "छत्री घेऊन आला होतात. बाकीचं नको, चेहरा तेवढा ठेवा म्हणालात."

फोटो द्यायला मास्तर दुकानात आलेच नव्हते. फोटो भाऊ त्यांच्या घरून घेऊन आला होता. त्यानं चारचौघांत बहिणीला खोटारडी म्हटलं. ताई शपथेवर सांगत राहिली.

शेवटी भावजयीनं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चालून दाखवायला सांगितलं. ताई पाय फाकवून, बोटीत उभं राहिल्यासारखी चालली. तोल सांभाळणारा मेंदूचा भाग दारूनं झिजलाय, बाई म्हणाल्या. त्यात वर्षानुवर्षं पोटात धड अन्न नाही, त्यामुळे मेंदूला लागणारं जीवनसत्त्व संपलं आणि नवीन गोष्टी साठवणारी जागाच दुखावली. मग मधे जे भोक पडतं ते मेंदू हाताला येईल त्यानं बुजवतो.

"म्हणजे मी खोटं बोलले नाही?"

"नाही. तुम्हाला ते खरंच आठवत होतं. फक्त ते घडलेलं नव्हतं."

यापेक्षा खोटारडी म्हणवून घेणं सोपं होतं, असं ताईला वाटून गेलं.

सोडायची, पण घरी एकटीनं नाही, असं बाईंनी बजावलं. रोजच्या दारूशी झुंजायला मेंदू सतत ताणलेला राहतो. दारू एकदम काढली की तो उधळतो, आणि दरवेळी आधीपेक्षा जास्त. म्हणून ताई दाखल झाली. औषधं झाली, इंजेक्शनं झाली. थोडं परत येईल, सगळं नाही, आणि पुन्हा प्यायलात तर आहे तेही जाईल, हे तिनं नीट ऐकून घेतलं.

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, आता आराम कर, टीव्ही बघ, दुकानाचं मी बघतो.

"जे गेलं ते मी घालवलं," ताई म्हणाली. "जे उरलंय ते तू घरात कोंडू नकोस."

ती आधी मास्तरांकडे गेली. तुम्ही छत्री घेऊन आलेले मला अजून दिसता, तिनं सांगितलं, पण तुम्ही आला नव्हता असं सगळे सांगतात आणि मी ते मानते. फोटो माझ्या हातून गेला. मास्तरांनी माफ केलं नाही. तिनंही गळ घातली नाही. नमस्कार करून निघाली.

दुकानात ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगू लागली, "मला लक्षात राहत नाही, दारूनं गेलंय. काय हवं ते भावाच्या समोर सांगा." भाऊ शरमेनं अर्धा व्हायचा. तब्येत बरी नाही एवढंच म्हणत जा, त्यानं विनवलं.

"पडसं झालंय का मला?" ती म्हणाली.

दोन-चार गिऱ्हाइकं तुटली, बाकीची येत राहिली. काच आता भाऊ कापतो. तिचा हात तेवढा भरवशाचा राहिला नाही, आणि ते ती स्वतःच सांगते. लाकडाच्या पट्ट्या जोडणं, घासणं, पॉलिश तिच्याकडे.

इच्छा मात्र मेली नाही. गुत्त्यावरून जाताना घसा आपोआप कोरडा पडायचा. तेही बाईंनी सांगितलं होतं : मेंदूला चटक पक्की लागलीय आणि आवर घालणारा भाग ढिला झालाय, तेव्हा नुसत्या निश्चयावर विसंबू नका. म्हणून ती मागच्या रस्त्यानं, धोबीघाटाला वळसा घालून दुकानात जाऊ लागली. त्या फाकल्या चालीला तो रस्ता लांबच पडायचा. एवढ्या कशाला घाबरता, असं भावजयीनं एकदा विचारलं.

"घाबरते म्हणून तर लांबून जाते," ताई चपला घालत म्हणाली. "पिताना लाज वाटली नाही, वळसा घालताना कशाला वाटेल?"