म्हातारं शिसं

बंगळूरच्या चिकपेटमधल्या त्या भंगारवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. शिशाचा तुकडा हातात आला की तो आधी अंगठ्याच्या नखानं ओरखडा काढायचा, मगच बोलायचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अरबी समुद्राच्या तळाचा गाळ मी तिथल्याच एका प्रयोगशाळेत तपासत होतो. गाळातल्या किरणोत्सारी शिशावरून एकेका थराचं वय काढायचं होतं. पण बाहेरचे किरण अडवायला मोजणीच्या यंत्राभोवती रचलेल्या नव्या शिशाच्या विटाच इतके किरण सोडत, की गाळाचे किरण त्यात हरवून जात. प्रबंध गुंडाळायची वेळ आली.

"शंभर वर्षांपूर्वीचं शिसं हवंय," मी भंगारवाल्याला म्हणालो. "म्हातारं झालं की ते शांत होतं."

"माणसाचं उलटं असतंय बघा," तो बेळगावी मराठीत म्हणाला आणि त्यानं एका पाडलेल्या बंगल्याचे जुने शिशाचे नळ ओढून काढले. "स्वल्प वाकडे आहेत."

त्या नळांच्या विटा ओतल्या. यंत्राची बडबड थांबली आणि एकेक थर आपलं वय सांगू लागला! वरचा अगदी परवाचा, तळचा शंभर वर्षांचा.

मी धावत त्याला सांगायला गेलो. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता. सगळं ऐकून तो शेजारच्या दुकानाकडे वळला आणि ओरडला, "अण्णा, आपल्या नळांनी समुद्राचं वय काढलं!"