शिंगवाला ससा कोराडीत

आधीच सांगते, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत जाणारी मी. त्यामुळे हे लिहायला बराच वेळ घेतला...

मी राहते प्रताप नगरला. नागपुरातल्याच एका प्रयोगशाळेत आम्ही सशांवर काम करायचो. सशांचा एक विषाणू असतो. त्याने अंगावर शिंगासारख्या काळ्या, कडक चामखिळी येतात आणि काहींचा पुढे कॅन्सर होतो. माणसाला या विषाणूची लागण होत नाही. पण त्याच्याच कुळातला एक विषाणू बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर देतो, म्हणून हा अभ्यास.

विषाणू आम्ही पाठीवर लावायचो. एका सशाला मात्र शिंग आलं ते डाव्या डोळ्याच्या वर. सकाळी मी पाहिलं, सरांना दाखवलं. त्याच दुपारी कोराडीहून शांतामावशीचा फोन.

"तुमच्याकडचा ससा सुटला काय वं?"

"नाही तर. काहून?"

"माह्या आंगनात येऊन बसला. मलेच पाहून राहिला. डाव्या डोळ्यावर काळं शिंग हाये त्याले."

मी फोन कानाला लावूनच पिंजऱ्याशी गेले. ससा आत होता, गवत खात.

मी सशांवर काहीतरी करते, एवढंच मावशीला माहीत. "त्याले बिमारी काय हाये?" तिनं विचारलं. मी सांगितलं, बायकांचंही सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "पाळी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी अंगावर जाऊन राहिलं, बाई. लाजेपायी कोणाले बोलली नाही."

तशीच कोराडी गाठली. अंगणात वीजकेंद्राची नेहमीची राख पसरलेली. तिच्यावर मांजराची पावलं होती, सशाची नव्हती. दुसऱ्या दिवशी मावशीला डॉक्टरकडे नेलं. कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं आणि ती बरी झाली.

बिचारीला सांगायला काहीतरी निमित्त हवं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण मग डावा डोळा?

प्रयोग संपला की जनावरं ठेवत नाहीत. तो ससाही गेला — भूल देऊन, शांतपणे. मी घरी कोणाला बोलले नाही. संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"तुमचा ससा आला होता वं आज. शिंग नव्हतं त्याले. जरासा बसला अन् गेला."

मी नुसतं "बरं" म्हणाले.