नागम्माचा हंडा

अंबुबाईंच्या घरात माणसं दोन आणि नावं चौतीस. कन्नड मुलखात, राजाजीनगरात, दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, तिथं त्या आणि त्यांची मुलगी हर्षिता. बाकीची बत्तीस नावं भांड्यांवरची.

मल्लेश्वरमच्या एका दुकानात साड्यांना फॉल-पिको करण्यात अंबुबाईंची तीस वर्षं गेली. नवरा लवकर गेला, पगार बेताचा, आणि घर सजवायची हौस मात्र राजवाड्याची! शेवटी महिन्याला पाचशेच्या वर जायचं नाही असं स्वतःला बजावून त्या दर रविवारी हयवदनच्या गुजरीत, म्हणजे भंगाराच्या दुकानात, जाऊ लागल्या. मोडकी वेताची खुर्ची आणली आणि स्वतः विणून काढली. कुणाच्या तरी पाडलेल्या घराची रंगीत काचांची खिडकी आणून स्वयंपाकघराच्या आडोशात बसवली. आता संध्याकाळी फरशीवर लाल-हिरवं ऊन पडतं, आणि अंबुबाई ते बघायला चहा घेऊन बसतात.

पण खरा जीव भांड्यांवर. पितळी डबे, तांबे, कळश्या, सगळं चिंचेनं घासून फळीवर ओळीनं मांडलेलं. लग्नात भांडं देताना त्यावर देणारीचं नाहीतर घेणारीचं नाव कोरायची आपली रीत. त्यामुळे गुजरीतून आलेल्या प्रत्येक भांड्यावर कुणी ना कुणी बाई होतीच. नाव पुसायचं नाही, हा अंबुबाईंचा नियम. त्यांचं स्वतःचं नाव मात्र एकाही भांड्यावर नव्हतं. त्यांचं लग्न देवळात घाईघाईनं उरकलेलं, कुणी वाटीसुद्धा दिली नाही. हे त्या हसून सांगायच्या, पण ते त्यांना लागलेलं होतं.

हर्षिताचं पुण्याच्या शुभंकरशी जुळलं आणि त्याची आई, सुचेताबाई, घर बघायला येणार असं ठरलं. हर्षिता भांड्यांच्या फळीसमोर येऊन उभी राहिली.

"आई, त्यांना वाटेल आपण लोकांची जुनी भांडी मांडून बसलोय."

"बसलोयच की!"

हर्षितानं मग न विचारता दारासमोरचा मोठा तांब्याचा हंडा पॉलिशवाल्याकडे नेला. परत आला तेव्हा लखलखत होता, आणि त्यावरचं नाव साफ गेलं होतं. कन्नडमध्ये ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'नागम्मा'.

अंबुबाई हंड्यावरून हात फिरवत खाली बसल्या. "नागम्मानं तुझं काय वाकडं केलं होतं गे?" एवढंच म्हणाल्या, आणि दोन दिवस लेकीशी बोलल्या नाहीत.

रविवारी सुचेताबाई आल्या, वेताच्या खुर्चीत बसल्या, इकडेतिकडे बघू लागल्या. अंबुबाईंनी पदर खोचला. काही लपवायचं नाही, असं त्यांनी ठरवलंच होतं.

"हे सगळं गुजरीतलं बरं का. पण एकेक मी निवडलंय."

धरणीनं पोटात घ्यावं असं हर्षिताला वाटलं. सुचेताबाई मात्र उठून फळीपाशी गेल्या. त्यांना कन्नड येत नव्हतं, म्हणून प्रत्येक भांड्यावर बोट ठेवून विचारू लागल्या. अंबुबाई घरच्या माणसांची ओळख करून द्यावी तशा सांगत होत्या. ही कमलम्मा, ही सुब्बलक्ष्मी, ही आपल्यातली, मराठी, कस्तुराबाई. शेवटी बोट हंड्यापाशी थांबलं.

"आणि ही कोण?"

अंबुबाईंनी लेकीकडे बघितलं. हर्षिताच खाली मान घालून म्हणाली, "नागम्मा. मी पुसली तिला. तुम्ही येणार म्हणून."

सुचेताबाई हंड्यापाशी खाली बसल्या. मग म्हणाल्या, "फ्लॅट लहान म्हणून सासूबाईंची सगळी भांडी मी मोडीत काढली. कुणाकुणाची नावं होती, आज एकही आठवत नाही." त्यांनी हंड्यावर हात ठेवला. "लग्नात आम्हाला काही म्हणजे काही नको. हा हंडा तेवढा आमच्या घरी येऊ दे. आणि यावर तुमचं नाव घाला."

अंबुबाईंना हुंदका आला. तीस वर्षं दुसऱ्यांच्या साड्या नीट करणाऱ्या बाईनं त्या दिवशी स्वतःच्या पदरानं डोळे पुसले, आणि लेकीवरचा रागही तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी त्या हंडा घेऊन नाव घालणाऱ्याकडे गेल्या. आधी त्याच जागी 'नागम्मा' घालून घेतलं. मग खाली 'अंबुबाई'.

"अक्का, एकाच भांड्यावर दोन नावं?" त्यानं मशीन थांबवून विचारलं.

"मग? दोघींनी मिळून दिलंय ते."

परतताना बसमध्ये त्या हंडा मांडीवर घेऊन बसल्या, नावांची बाजू लोकांकडे करून.