चारीत वाळलेली हळद

आमच्या गावाला कालव्याची शेवटची चारी आहे. वरच्या गावांची रानं भिजून काही उरलं तर ते आमच्याकडं येतं. त्या उन्हाळ्यात पहिली पाळी सुटल्याचा निरोप आला, पाणी काही आलं नाही. चारीचा तळ सिमेंटचा, गुळगुळीत, आणि इतका तापलेला की अनवाणी पाय ठरेना. माझी हळद नुकतीच शिजवून झाली होती. वाळवायला एवढी साफ जागा रानात नव्हती, म्हणून मी ती सरळ चारीत पसरली. माझं बघून आणखी दोघातिघांनी पसरली. शिजवलेल्या हळदीला पाणी लागलं की तिचा रंग जातो, व्यापारी तिच्याकडं बघत नाही. आम्ही ती चारीत टाकली ह्यातच सगळं आलं.

हळद निघाली होती, पण भुईमूग उभा होता. आऱ्या, म्हणजे फुलातून मातीत उतरून शेंग धरणाऱ्या दांड्या, सुटायच्या बेतात होत्या. त्या वेळी जमिनीत ओल नसली तर आरी मातीत घुसत नाही. वर वेल हिरवा दिसतो आणि खाली शेंग धरत नाही. विहीर तर केव्हाच आटली होती. चारीचं पाणी त्याच आठवड्यात पाहिजे होतं.

तेव्हा पाण्याच्या खात्याचा साहेब ग्रामपंचायतीत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात छापील कागद. कागदावर लिहिलं होतं की पहिल्या पाळीचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत मिळालं. खाली आमच्या सह्या पाहिजे होत्या. सह्या झाल्या की पाळी संपली, पुढचं पाणी एकदम पुढच्या महिन्यात. तोवर भुईमुगाचा पाला झाला असता.

"शेवटपर्यंत पाणी पोचलंय," साहेब म्हणाला. "तसा रिपोर्ट आहे."

मी म्हटलं, "साहेब, चारीत माझी हळद वाळून राहिली."

"आजोबा, विषय पाण्याचा चाललाय. हळदीचं नंतर बघू."

"मीबी पाण्याचंच बोलून राहिलो. चला, दाखवतो. हाकेवर हाय चारी."

"मला तिथं जायची गरज नाही. सगळी नोंद असते आमच्याकडं."

खिडकीतून चारीचा भराव दिसत होता. त्या माणसानं खुर्ची फिरवली आणि खिडकीकडं पाठ करून बसला. आयुष्यात मी बरेच खोटं बोलणारे पाहिले, पण खोट्यासाठी खुर्ची फिरवणारा तो पहिलाच.

सरपंच माझा चुलत पुतण्या. तो माझ्या कानाशी लागला. "काका, साहेबाला कशाला दुखवता? कागदानं काय व्हतं?"

"काही व्हत न्हाई तर भुईमुगाला कागदच पाज."

दोघंचौघं हसले. हसले आणि उठून सह्या करून आले. ज्यांची हळद माझ्या हळदीला लागून पसरली होती, तेही. त्यातल्या एकाला बाहेर आल्यावर विचारलं, "काहून केली रे?"

"सगळ्यांनी केली म्हणून."

साहेबाचा मला राग आला होता. ह्याची कीव आली, आणि कीव काही रागापेक्षा बरी नसते.

मी सही केली नाही. दोन दिवसांनी मला नोटीस आली. मी चौथीतून शाळा सोडली, वाचायला वेळ लागतो, पण वाचलेलं कळतं. लिहिलं होतं, चारीत हळद पसरून तुम्ही वाहत्या पाण्याला अडथळा केला. मी चारीतली पाचसहा हळकुंडं धोतराच्या सोग्यात बांधली आणि जीपनं तालुक्याला गेलो.

साहेबाच्या टेबलावर नोटीस ठेवली, वर हळकुंडं ठेवली. एक उचलून मोडलं. वाळलेलं हळकुंड मोडताना कटकन वाजतं, व्यापारी त्या आवाजावरच माल पारखतो.

"हे तुमच्या वाहत्या पाण्यातलं," मी म्हटलं. "तुमीबी एक मोडून बघा."

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं तोंडासमोर फाईल धरली. साहेब तापला. "आधी ती हळद उचला. त्याशिवाय मला पाणी सोडता येणार नाही."

"म्हंजे अजून सोडलं न्हाई."

त्यानं मग पंखा मोठा करायला सांगितला. हे आमचे शिकलेले लोक. खरं तोंडातून निसटलं की ह्यांना उकडतं.

मी गावात येऊन चारीतली हळद गोळा केली, बाकीच्यांनीही आपापली उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. पुढं फेस, त्यात पालापाचोळा, एक फाटकी चप्पल. लोक काठावर उभे राहून बघत होते, आणि एकालाही लाज वाटलेली मला दिसली नाही.

दुपारी खात्याचा शिपाई तोच कागद घेऊन बांधावर आला. सरपंच सोबत होता.

"काका, आता तर आलं ना पाणी? करा सही."

"आजची तारीख घाल, करतो."

शिपाई म्हणाला, "बाबा, तारीख बदलता येत न्हाई. तुमची एकच सही राहिली, ती झाली की कागद वर जातो."

"मग माझ्याबिगर जाऊ दे."

"पाणी मिळालं, मग अडलं काय तुमचं?" पुतण्या खरंच वैतागला होता. त्याला खरंच कळत नव्हतं.

ज्याला स्वतःच्या गावाची चारी कोरडी दिसली नाही, त्याला माझं काय अडलं ते कुठून दिसणार? पाणी माझ्या रानाच्या कडेला, धुऱ्यापर्यंत येऊन थांबलं होतं. मी फावडं उचललं, मातीचा बांध फोडला आणि पाणी भुईमुगात घेतलं.