चौथं कलम आणि बाबांचा रन

साठीच्या पुढच्या माणसांना एकमेकांवर आदळू देणं हा खेळ नव्हे, निव्वळ हलगर्जीपणा आहे, असं मी लिहिलं होतं. त्यातला एक शब्दही आज मागे घेत नाही.

बाबा तीन महिन्यांसाठी पुण्याहून माझ्याकडे आले होते. जन्मभर शाळेत पीटी शिकवलेला माणूस, युनिव्हर्सिटीत नोकरी करणाऱ्या मुलीच्या सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर करणार काय? दुसऱ्या आठवड्यात त्यांनी रविवारी सकाळी सॉफ्टबॉल खेळणारे निवृत्त लोक हुडकून काढले. तिसऱ्या आठवड्यात होम प्लेटवर, म्हणजे जिथे पाय टेकला की रन मिळतो तिथे, धावत जाऊन चेंडू झेलायला उभ्या कॅचरवर आदळले. कॅचर म्हणजे इथलेच एक धिप्पाड अंकल. त्यांना काही झालं नाही. बाबांचा गुडघा दाखवायला आम्ही नोव्हेनाच्या हॉस्पिटलात गेलो. रन मिळाला नाही तो नाहीच.

कॉलेजात मी फीवाढीविरुद्ध पत्रकं लिहायचे. हात शिवशिवायला लागले. ‘धावणाऱ्यांचाही रस्ता असतो!’ असा मथळा दिला आणि खाली मागण्या. धावणाऱ्याला वेगळी प्लेट हवी, कॅचरच्या प्लेटपासून चार हात लांब. घसरत यायला बंदी. चुकून धक्का लागला तर शिक्षा नाही. आणि चौथं कलम : धावणाऱ्याने कॅचरला हात लावला तर तो बाद, कारण काहीही असो.

“‘कारण काहीही असो’ कशाला?” बाबांनी वाचून विचारलं. “जरा सैल ठेव की.”

“पळवाट ठेवली की संपलं, बाबा.”

“अगं, आजोबा लोक आहेत ते. गिरणीमालक नव्हेत.”

सिंगापुरात भिंतीवर काही चिकटवायची माझी हिंमत नव्हती, म्हणून पत्रकाचं इंग्रजी रूप थंड पाण्याच्या खोक्याला चिकटवलं. अंकलनी ते चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. “युअर डॉटर व्हेरी फियर्स, लाह,” ते बाबांना म्हणाले. सगळ्यांनी हात वर करून मागण्या मंजूर केल्या आणि शिक्षा म्हणून मला दर रविवारी अंपायर केलं.

आता रस्ता मोकळा होता. पंचाईत अशी की पूर्वी बाबा कॅचर आडवा आला म्हणू शकत होते. आता नुसतं वय आडवं येत होतं. रविवारमागून रविवार गेले. आई पुण्याहून फोनवर विचारायची, “झाला का गं त्यांचा रन?” जसा काही दहावीचा निकाल लागायचा होता. शेवटचा रविवार आला तेव्हा बाबांच्या नावावर शून्य होतं आणि गुरुवारचं विमान.

त्या दिवशी बाबा तिसऱ्या बेसवर, म्हणजे प्लेटच्या आधीच्या शेवटच्या थांब्यावर होते. त्यांच्या टीममधल्या एकाने चेंडू लांब मारला आणि बाबा निघाले. निघाले म्हणजे पळाले. मुलगी असून सांगते, खरंच पळाले. तिकडून आलेला थ्रो वाकडा पडला. तो घ्यायला अंकलनी एक पाय लांब टाकला, तो थेट बाबांच्या वाटेत. बाबांचा बूट त्यांच्या बुटाला घासला. धक्का चुकून लागला, तिसरं कलम, काही बिघडलं नव्हतं. प्लेट एका पावलावर होती.

आणि बाबा थांबले.

वाकले, अंकलच्या गुडघ्याला हात लावला आणि तो हात आपल्या छातीला टेकवला. कोणाला पाय लागला की आपण करतो तसा नमस्कार, लहानपणापासूनचा. अंकल चकित होऊन खाली बघत राहिले आणि चेंडू त्यांच्या ग्लव्हला लागून पडला. मग बाबांनी आपल्या प्लेटवर पाय ठेवला आणि दोन्ही हात वर केले.

“रन!” एक टीम ओरडली. “टच केला, टच केला!” दुसरी. सगळे माझ्याकडे वळले.

बाबांचे हात हळूहळू खाली आले. “चौथं कलम,” ते म्हणाले.

“तुम्हाला थांबायला कोणी सांगितलं होतं?”

“पाय लागला ना त्यांना!”

“आऊट,” मी म्हणाले. उगाचच फार मोठ्याने म्हणाले.

भडकले ते अंकल. “ही से सॉरी ओन्ली, व्हॉट! व्हाय आऊट?” ज्यांच्या हातापायांसाठी कलम लिहिलं, तेच माझ्यावर डाफरत होते. बाबांनीच त्यांची समजूत घातली, “रूल इज रूल,” आणि माझ्याजवळून बाकाकडे जाताना पुटपुटले, “सैल ठेव म्हणालो होतो.”

नंतर हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी पिताना त्यांनी आईला फोन लावला. “आऊट झालो. कोणी दिलं म्हणजे? तुझ्या लेकीने.” पलीकडे आई इतकी हसली की अंकललाही ऐकू गेलं. त्यांनी बाबांकडून तो नमस्कार दोनदा करवून घेतला, मग टेबलाखाली मुद्दाम बाबांना पाय लावला आणि स्वतः करून बघितला.

बाबा शून्यावरच पुण्याला गेले. पाचवं कलम मी लिहून ठेवलंय : पाय लागल्याबद्दल केलेला नमस्कार म्हणजे ‘हात लावणं’ नव्हे. खोक्यावर चिकटव म्हणून अंकल रोज मेसेज करतात. चिकटवणार नाही. बाबांनी इथे यावं आणि हात वर करून मंजूर करून घ्यावं.