आईच्या निवड चाचणीला रत्नागिरीत

नाट्याहून रत्नागिरीला जाणारी सकाळची एसटी त्या दिवशी चक्क वेळेवर आली. आई अर्ध्या तासापासून थांब्यावर उभी होती. लग्नकार्याला नेसायची जांभळी साडी, पायात नव्या चपला, काखेत कापडी पिशवी. पिशवीत काय आहे हे मी विचारलं नाही, आणि ते पुढे मला भोवलं.

आई बासष्ट वर्षांची आहे. तीस वर्षं ती जेटीवरच्या लिलावात मासळी घेते आणि राजापूरच्या बाजारात विकते. शिक्षण सातवी. पण मासळी बांधायला जी रद्दी घ्यायची, ती आधी वाचून काढायची आणि मग त्यात बांगडे गुंडाळायचे, अशी तिची सवय. त्यामुळे तिला जगातलं पुष्कळ कळतं, फक्त सहा महिने उशिरा. कोण मंत्री आहे विचारलं तर ती आधीचा सांगते. बाकी नद्या, शिखरं, राजे, शोध यांत ती कोणाला ऐकत नाही.

टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमाची निवड चाचणी रत्नागिरीत आहे, ही बातमीही तिला रद्दीतच मिळायची, पण मी राजापुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात काम करते, म्हणून वेळेत कळली. फॉर्म मीच भरला. फोनवरच्या प्रश्नांची उत्तरं तिनं पाटीतले बांगडे निवडता निवडता दिली आणि ती पुढच्या फेरीत गेली.

तिला बक्षीस नको होतं. तिला टीव्हीवर दिसायचं होतं, आणि तेही एकाच माणसाला. माझा मोठा भाऊ, महेशदादा, आठ वर्षं घरी आलेला नाही. बाबा गेले तेव्हा तो मुंबईला होता. त्याला रजा मिळाली नाही आणि तो तिसऱ्या दिवशी पोचला. आई उंबऱ्यात उभी राहिली आणि भरल्या अंगणात म्हणाली, बापाला खांदा द्यायला आला नाहीस, आता मी मरेपर्यंत या घरात पाऊल ठेवू नको. तो तसाच उलट पावली गेला. अंगणात आम्ही पंचवीस-तीस माणसं असू. कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

पूर्वी दादा आणि आई हा कार्यक्रम रोज एकत्र बघायचे. तो म्हणायचा, आई, तू गेलीस तर सगळ्यांना घरी पाठवशील. तो अजूनही कुठेतरी बसून हा कार्यक्रम बघत असणार, आपल्याला त्यात पाहील आणि येईल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

इथे मला एक कबूल करायला हवं. दादा कुठे आहे हे मला माहीत होतं. तो नालासोपाऱ्याला राहतो, रात्रपाळीचा वॉचमन आहे आणि त्याच्या घरात टीव्ही नाही. तो मला दर पंधरवड्याला फोन करायचा. आईला सांगायचं नाही, ती स्वतः बोलावील तेव्हाच येईन, अशी त्यानं मला शपथ घातली होती. मी ती पाळत होते आणि शेजारी बसून आईकडून राजधान्या पाठ करून घेत होते.

आडिवरे सोडलं की सडा (कातळाचा उघडा माळ) लागतो. पावसाळ्यातलं गवत वाळून पिवळं झालं होतं आणि मधूनमधून चिऱ्यांच्या गडग्यात कोंडलेल्या आंब्याच्या बागा दिसत होत्या. काही कलमांना मोहोर धरायला लागला होता. आई खिडकीशी होती, पण तिचं बाहेर लक्ष नव्हतं. पूर्णगडच्या पुलावर मुचकुंदीची खाडी दिसली तेव्हा तिनं तेवढी मान वळवली, पाण्यात होड्या किती आहेत ते पाहिलं, आणि परत मला म्हणाली, विचार. मी विचारलं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर? ती म्हणाली, कळसूबाई, आणि दुसरं साल्हेर, काहीतरी अवघड विचार. पावस गेलं, भाट्याचा पूल आला आणि समोर रत्नागिरी दिसायला लागली. डावीकडे समुद्र, दूर किल्ल्याच्या टेकडीवर दीपगृह. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि चपला काढून परत घातल्या.

चाचणी एका मंगल कार्यालयात होती. आम्ही रिक्षा करून गेलो, तर तिथे खरंच लग्न निघालं. दारात एका बाईंनी आमच्यावर अत्तर शिंपडलं आणि कुठल्या बाजूचे म्हणून विचारलं. आई म्हणाली, आम्ही टीव्हीवाले. बाई हसल्या आणि पलीकडच्या गल्लीतलं दुसरं कार्यालय दाखवलं. पंगतीला थांबा म्हणाल्या, ते आम्ही टाळलं.

खऱ्या ठिकाणी शंभरेक माणसं होती. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं, निवृत्त मास्तर, चिपळूणहून आलेले एक वकील. सगळे पुस्तकांत डोकं घालून बसले होते. दारावरच्या रखवालदारानं आईची पिशवी उघडली आणि मान मागे घेतली. आत सोडे (सुकवलेली कोळंबी) होते, चांगले दोन पुड्या भरून. परीक्षा घेणाऱ्यांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, असा तिचा हिशेब. आत एसी होता. त्यानं नम्रपणे पिशवी बाहेर ठेवायला सांगितलं. आईला ते लागलं. ती म्हणाली, वास येतो म्हणून नाय ठेवत, तुम्ही सांगताव म्हणून ठेवतंय. मग जाताना त्यातली एक पुडी तिनं त्यालाच दिली.

लेखी परीक्षेला वीस प्रश्न होते. दुपारी बाराला नावं वाचली, त्यात आईचं होतं. चिपळूणच्या वकिलांचं नव्हतं. ते उठून आईपाशी आले आणि म्हणाले, मावशी, कुठलं पुस्तक वापरता? आई म्हणाली, मिळेल ता. मला त्या क्षणी फार अभिमान वाटला आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण ती खरंच टीव्हीवर जाईल असं वाटायला लागलं, आणि ज्याच्यासाठी ती जाणार होती त्याला ती दिसणारच नव्हती.

शेवटची फेरी कॅमेऱ्यासमोर होती. वयस्कर माणसांबरोबर एकाला आत सोडत होते, म्हणून मी मागच्या खुर्चीत बसले. प्रश्न विचारणाऱ्या बाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी आधी घरची चौकशी केली. काय करता, किती वाजता उठता, रद्दी वाचण्याचं ऐकून तर त्या खूश झाल्या. मग त्यांनी विचारलं, मुलं किती? आई म्हणाली, दोन. बाईंनी विचारलं, दोघंही तुमच्याजवळ असतात? आई माझ्याकडे बोट करून म्हणाली, ही असते.

बाईंना काहीतरी समजलं असावं. त्यांनी विषय सोडला आणि पाच प्रश्न सुरू केले. पहिली चार उत्तरं आईनं दिली, पण तिचा आवाज उतरलेला होता. पाचवा प्रश्न आला, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं?

"साल्हेर," आई म्हणाली.

म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं. मी मागून तिची मान ताठ झालेली पाहिली. बाईंच्याही लक्षात आलं. त्या पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, मावशी, सावकाश, मी अजून उत्तर लिहिलेलं नाही, बदलायचं असेल तर बदला. त्यांनी पेन चक्क खाली ठेवलं. मी मनातल्या मनात कळसूबाई कळसूबाई म्हणत होते. आईनं पाण्याचा घोट घेतला.

"बदलायचा नाय," ती म्हणाली. "तोंडातून गेला ता गेला."

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. भर रस्त्यात चिडले. येत होतं ना तुला, मग का नाही सांगितलंस, त्या बाई तर ताटात वाढून देत होत्या. बसस्टँडजवळच्या खानावळीत आम्ही जेवायला बसलो. मी बांगड्याचं ताट मागवलं. आईनं बांगड्याचा एक तुकडा मोडला, चार दिवस बर्फात होता म्हणाली, आणि नुसता भात आणि सोलकढी घेतली. मग म्हणाली, गाडीला वेळ आहे तर मिरकरवाड्याला जाऊ.

मिरकरवाडा बंदर म्हणजे आमची जेटी दहा पटीनं वाढवलेली. ट्रॉलर आत येत होते, बर्फाच्या लाद्या ओढल्या जात होत्या, बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या आणि सगळीकडे मासळीचं पाणी. आईच्या नव्या चपला त्यात बुडाल्या आणि तिच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा रंग आला. एका ढिगाऱ्याचा लिलाव चालू होता, मोठी सुरमई. हिरव्या पातळातल्या एका बाईनं घाईत मोठा आकडा बोलून टाकला. बोलल्यावर तिला तो जड गेला हे लांबूनही दिसत होतं. पण ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, जागची हलली नाही, मागे घेते म्हणाली नाही. लिलाववाला दोनदा ओरडला. तेवढ्यात पलीकडून दुसरीनं वाढवून बोली लावली, आणि हिरव्या पातळातल्या बाईनं कमरेवरचा हात काढला.

"बघ," आई म्हणाली. "सुटली ती."

मी विचारलं, म्हणजे? मग तिनं मला सांगितलं. आमच्या घरात इतकी वर्षं मासळी आली, पण लिलावाचा हा नियम मी कधी नीट ऐकला नव्हता. बोललेला भाव आपण मागे घ्यायचा नाही. घेतला तर उद्यापासून जेटीवर तुमच्या शब्दाला कोणी विचारत नाही. फक्त दुसरं कोणी वर चढवून बोललं, तर आपण सुटतो.

"त्या दिवशी अंगणात मी बोललंय," ती म्हणाली. "मला वाटला, कोणतरी वर बोलेल. तुझी आत्या बोलेल. तू बोलशील. कोण बोललाच नाय. आठ वर्षां मी तशीच उभी हाय."

मला तिथे रडू आलं. त्या दिवशी अंगणात मी बत्तीस वर्षांची होते, लहान नव्हते. मला नुसतं म्हणायचं होतं, आई, राहू दे, दादा, आत ये. एवढंच. मला ते सुचलं नाही असं नाही, माझी हिंमत झाली नाही. नंतर मी शपथेच्या आड लपले. मला त्याची लाज वाटते आणि ती जाणार नाही.

स्टँडवर परत आलो. नाट्याची गाडी लागायची होती. आईला बाकावर बसवून मी तिच्या शेजारीच दादाला फोन लावला. त्यानं झोपेतून उचलला. मी म्हटलं, दादा, घरी ये. तो म्हणाला, आईनं सांगितलं काय? मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, नाही, मी सांगतेय, ती बोलली होती त्याच्यावर मी बोलतेय, तू ये. माझा फोन जुना आहे, त्याचा आवाज बाहेर येतो. आई सगळं ऐकत होती. तिनं हात पुढे केला नाही.

"चाचणी होती ना आज," तो म्हणाला. मीच त्याला मागच्या फोनवर सांगितलं होतं. "पास केला काय तिला?"

"नाही."

"तिला सगळा येता गो," तो म्हणाला, आणि रडायला लागला. मग त्यानं बघतो म्हटलं आणि फोन ठेवला.

गाडी पावसच्या पुढे गेली तेव्हा आई माझ्याकडे वळली. मग तिनं विचारलं, दुपारचा झोपतो तो? मी म्हटलं, रात्रपाळी असते. ती म्हणाली, म्हणजे तुला ठाऊक होतं. मी हो म्हटलं. किती वर्षं, तिनं विचारलं. पहिल्यापासून, मी म्हटलं. ती मला बोलेल म्हणून मी वाट पाहत होते, पण तिनं एवढंच विचारलं, बरा असतो काय? मग मी सगळं सांगत गेले. त्याचा खोकला, त्याची खोली, त्यानं केलेलं लग्न, त्याची पाच वर्षांची मुलगी. आईला नात आहे हे तिला पूर्णगडच्या पुलावर कळलं. मी मोबाईलवर फोटो दाखवला. पडदा विझला की ती तो माझ्यापुढे धरायची, मी पेटवून द्यायचे, आणि ती परत बघायची. नाटे येईपर्यंत हेच चाललं होतं.

गावात लोक विचारतात, काय झालं रत्नागिरीला? मी सांगते, एका शिखरानं हुकलं. लोक हळहळतात. आई परत पहाटे जेटीवर जाते, रद्दी वाचते. कार्यक्रमाच्या वेळेला टीव्ही लावत नाही.

दादा अजून आलेला नाही. फोन मात्र आता मी घरी आईजवळ असते त्या वेळी करतो. गेल्या आठवड्यात त्याची मुलगी फोनवर आली. दादानं तिला चाचणीच्या आधीच सांगून ठेवलं होतं की आजी टीव्हीवर येणार आहे, आणि ती शेजाऱ्यांकडे जाऊन रोज बघत होती. तिनं मला विचारलं, आजी कुठल्या चॅनलवर दिसते? आईनं माझ्या हातातून फोन घेतला. पहिल्यांदाच घेतला.

"टीव्हीवर नाय गो, बाय," ती म्हणाली. "मी घरीच असतंय. नाट्याला. दार उघडाच असता."

ये, असं ती म्हणाली नाही. फोन तिनं माझ्याकडे दिला आणि मासळी निवडायला बसली. पलीकडे दादा ऐकत होता की नाही, मला माहीत नाही.